हृदयरोहिणी-विकाराच्या निदानासाठी हृदयाचा एमआरआय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयाच्या एमआरआयसाठी येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. उपचारांचा निर्णय आपल्याला तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगावीशी वाटते. ‘माझे ब्लॉकेज किती टक्के आहे?’ हा प्रश्न घेऊन आपण या तपासणीकडे आलात, तर बहुधा निराश व्हाल. ‘माझ्या हृदयाच्या स्नायूला रक्त पुरते आहे का, आणि जो भाग नीट हलत नाही तो जिवंत आहे का?’ असे विचारलेत, तर इतके नेमके उत्तर देणाऱ्या तपासण्या फार थोड्या आहेत.

हृदयाच्या एमआरआयमध्ये रोहिणीतील ब्लॉकेज थेट दिसते का?

मोठ्या माणसांच्या बाबतीत या तपासणीचा तो मुख्य उपयोग नव्हे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या असतात, वळणे घेत जातात आणि एक क्षणही स्थिर नसतात. प्रत्येक ठोक्याबरोबर त्या हलतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर संपूर्ण हृदयच वर-खाली सरकते. एमआरआयला चित्र टिपायला वेळ लागतो, त्यामुळे एवढ्या बारीक आणि हलत्या नळीच्या आतली चिंचोळी जागा मोजणे त्याला अवघड जाते. २००१ साली १०९ रुग्णांवर झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात रोहिण्यांच्या एमआरआयने आजार असलेल्या १०० पैकी ९३ जण बरोबर ओळखले, परंतु आजार नसलेल्यांपैकी केवळ ४२ टक्के लोकांनाच निर्दोष ठरवले. म्हणजे निरोगी असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांवर विनाकारण संशय आला. त्यानंतर तंत्र बरेच सुधारले आहे, तरीही रोहिणीची नळी पाहायची असेल तर सीटी अँजिओग्राफी (शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन क्ष-किरणांनी काढलेले रोहिण्यांचे चित्र) अधिक स्पष्ट चित्र देते.

याला दोन अपवाद सांगितले पाहिजेत. जन्मतःच चुकीच्या जागेतून निघालेली रोहिणी शोधण्यासाठी आणि कावासाकी आजारानंतर (रक्तवाहिन्यांना सूज आणणारा बालपणीचा आजार) लहान मुलांच्या रोहिण्यांना आलेले फुगवटे पाहण्यासाठी एमआरआय उत्तम आहे, कारण त्यात क्ष-किरण नसतात आणि मुलांची तपासणी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करावी लागते.

मग ही तपासणी नेमके काय दाखवते?

ती रोहिणीच्या टोकाशी काय घडते आहे ते दाखवते. शेतातले पीक सुकते आहे की नाही हे पाहायचे असेल, तर पाटाची रुंदी मोजत बसण्यापेक्षा वाफ्यात पाणी पोचते का ते पाहावे, तसा हा प्रकार आहे. हृदयाच्या स्नायूची हालचाल ठोक्या-ठोक्याला कशी होते, ताणाच्या वेळी स्नायूच्या प्रत्येक भागात रक्त वेळेवर पोचते का, आणि पूर्वीच्या झटक्याचा व्रण कुठे व किती खोल आहे, हे सगळे एकाच बैठकीत कळते. डाव्या जवनिकेचा (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) स्नायू यासाठी १७ भागांत विभागून वाचला जातो. ही विभागणी अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००२ मध्ये प्रसिद्ध केली आणि आज इकोपासून (ध्वनिलहरींची तपासणी) थॅलियम स्कॅनपर्यंत (किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेली तपासणी) सगळीकडे तीच वापरतात. कोणत्या भागाला साधारणपणे कोणती रोहिणी रक्त पुरवते हे ठरलेले असल्यामुळे, रोहिणी प्रत्यक्ष न पाहताही बिघाड कोणत्या रोहिणीच्या हद्दीत आहे, याचा अंदाज येतो.

लोक ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात, म्हणजे डाव्या जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते, ते मोजण्यासाठीही एमआरआय हाच मापदंड मानला जातो. स्थूल शरीरामुळे किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे ज्यांच्या टू-डी इकोमध्ये चित्र धूसर येते, त्यांना याचा विशेष लाभ होतो.

माझा ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल आहेत. मग ‘स्ट्रेस एमआरआय’ (हृदयावर ताण आणून काढलेला एमआरआय) कशासाठी?

कारण विश्रांतीच्या अवस्थेत हृदय फार काळ आपली अडचण लपवू शकते. रोहिणी अरुंद होऊ लागली, की तिच्या पुढच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आपसूक सैल होतात आणि कमी पडणारे रक्त भरून काढतात. या सोयीमुळे मुख्य रोहिणी ८५ ते ९० टक्के अरुंद होईपर्यंत, स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयाला होणारा रक्तपुरवठा जवळपास पूर्ववत राहू शकतो. निरोगी हृदय गरज पडल्यावर हाच पुरवठा तीन ते पाच पटींनी वाढवते. अरुंद रोहिणीच्या हद्दीत मात्र सूक्ष्म वाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात, त्यांच्याकडे आणखी सैल होण्यास वाव उरलेला नसतो. म्हणून ५० टक्क्यांच्या आसपासच्या अडथळ्यापासूनच ताणाच्या वेळचा पुरवठा कमी पडू लागतो.

रक्त कमी पडल्यावर घडणाऱ्या घटनांचा एक क्रम आहे. आधी स्नायूच्या आतल्या थरात रक्त पोचणे कमी होते, मग स्नायूचे सैल होणे बिघडते, त्यानंतर आकुंचन मंदावते, पुढे ईसीजीत बदल होतात आणि छातीत दुखणे सर्वांत शेवटी येते. ट्रेडमिलवरची टीएमटी (चालताना ईसीजी घेण्याची तपासणी) ही या क्रमाच्या शेवटच्या टप्प्यांवर अवलंबून असते. स्ट्रेस एमआरआय पहिल्याच टप्प्यावर नजर ठेवतो. मधुमेहामुळे ज्यांच्या वेदनेची जाणीव बोथट झालेली असते, त्यांच्या बाबतीत शेवटची पायरी कधी येतच नाही, ही बाब येथे विसरून चालणार नाही.

ताण द्यायचा म्हणजे मशीनमध्ये पळायला लावतात का?

नाही. आपण पडूनच असता आणि शिरेतून औषध दिले जाते. बहुतेक ठिकाणी अ‍ॅडिनोसिन वापरतात. वजनाच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या वेगाने ते तीन-चार मिनिटे, गरज पडल्यास थोडे अधिक, सुरू ठेवले जाते. काही केंद्रांत रेगाडेनोसॉन हे औषध एकाच इंजेक्शनने देतात. कधी डोब्युटामिन देऊन हृदयाचा वेग वाढवतात आणि स्नायूची हालचाल पाहतात.

अ‍ॅडिनोसिन सुरू झाल्यावर काय वाटते हे आधी माहीत असलेले बरे, कारण न सांगितल्यास माणूस घाबरतो. अर्ध्या-एक मिनिटात चेहरा आणि मान तापल्यासारखी होते, छातीवर कुणी हात ठेवून दाबल्यासारखे वाटते, श्वास भरभर घ्यावासा वाटतो, क्वचित जबडा किंवा घसा आवळतो. ‘मला झटका येतो आहे’ असे त्या क्षणी मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु रक्तातील अ‍ॅडिनोसिन काही सेकंदांतच नाहीसे होते. औषध सोडणारा पंप बंद केला की एक-दोन मिनिटांत सगळे ओसरते. याच काळात गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट शिरेतून सोडतात आणि पडद्यावर एकामागून एक चित्रे येत जातात. आधी उजवी जवनिका उजळते, मग डावी, मग स्नायू. जिथे रक्त कमी पडते, तिथे स्नायूच्या आतल्या कडेला एक काळपट पट्टा उमटतो आणि शेजारचा भाग उजळल्यानंतरही काही ठोके तसाच रेंगाळतो. निदान बहुतांशी त्या रेंगाळणाऱ्या पट्ट्यावर अवलंबून असते.

हे औषध धोक्याचे नाही का?

डॉक्टर, ईसीजी, रक्तदाबाची नोंद आणि उतारा म्हणून अ‍ॅमिनोफिलिन जवळ असताना ही तपासणी बरीच सुरक्षित आहे. युरोपातील १५ देशांच्या ५७ केंद्रांमधून सत्तावीस हजारांहून अधिक रुग्णांची नोंद ठेवण्यात आली, त्यात गंभीर गुंतागुंत ०.०२६ टक्के रुग्णांमध्ये आढळली आणि ती सर्व ताण देण्याशी संबंधित होती. प्रमाण नगण्य असले तरी धोका शून्य नाही. म्हणून सध्या धाप किंवा घरघर असलेला दमा, हृदयातील विद्युतवहनाचा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीचा अडथळा (पेसमेकर नसल्यास) आणि फार कमी रक्तदाब असल्यास अ‍ॅडिनोसिन देत नाहीत. दम्याचा पंप वापरत असाल, तर फॉर्म भरताना तो रकाना घाईत सोडू नका.

आदल्या दिवसापासून चहा बंद का करायला सांगतात? एक कपाने काय होते?

पुष्कळ होते. अ‍ॅडिनोसिन ज्या ग्राहींवर (पेशींवरील औषध चिकटण्याच्या जागांवर) काम करते, तेच ग्राही चहा-कॉफीतील कॅफीन अडवून धरते. औषध शिरेत जाते, रुग्णाला थोडेफार जाणवतेही, परंतु सूक्ष्म वाहिन्या पुरेशा सैल होत नाहीत आणि अरुंद रोहिणीच्या हद्दीतला काळा पट्टा उमटतच नाही. म्हणजे आजार असूनही अहवाल नॉर्मल येऊ शकतो, आणि खोटा दिलासा देणारा अहवाल हा चुकीचा संशय घेणाऱ्या अहवालापेक्षा अधिक घातक असतो.

आपल्याकडे सकाळचा चहा ही सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ‘उपाशी आलोय, फक्त चहा घेतला’ असे रुग्ण अगदी प्रामाणिकपणे सांगतात. त्यांच्या दृष्टीने चहा म्हणजे खाणे नव्हे. म्हणून स्पष्ट लिहितो: तपासणीपूर्वी २४ तास चहा, कॉफी, ग्रीन टी, कोला, चॉकलेट आणि कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या घेऊ नयेत. कॅफीन नसलेली म्हणून मिळणारी कॉफीही टाळावी, कारण तिच्यातही थोडे कॅफीन असतेच. थिओफिलिन गटातील दम्याची औषधे आणि डायपिरिडॅमोल यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये. चहा घेतला गेलाच असेल, तर लपवू नका, तारीख बदलून घ्या.

चित्रे वाचणारे अनुभवी डॉक्टर ताण पुरेसा मिळाला की नाही, हे चित्रावरूनही पडताळतात. अ‍ॅडिनोसिनचा पूर्ण परिणाम झाला, की कडेला दिसणारी प्लीहा (पोटातील पाणथरी) काळवंडते. ती विश्रांतीच्या चित्राइतकीच उजळ राहिली, तर ताणाबद्दल शंका घ्यावी लागते.

‘व्रण’ किंवा ‘स्कार’ म्हणजे काय? तो एमआरआयमध्ये कसा कळतो?

ही या तपासणीची सर्वांत मोलाची बाजू आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गॅडोलिनियम जिवंत स्नायूपेशींच्या आत शिरत नाही, ते पेशींच्या मधल्या जागेत राहते. निरोगी स्नायूत पेशी दाटीने बसलेल्या असल्यामुळे मधली जागा थोडी असते आणि औषध लवकर निघून जाते. झटक्यात पेशी मेल्या आणि त्यांच्या जागी तंतुमय व्रण तयार झाला, की मधली जागा वाढते व औषध तिथे साचून राहते. इंजेक्शननंतर साधारण १० मिनिटांनी घेतलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो.

रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे मरत जातो. त्यामुळे हृदयरोहिणीच्या आजाराचा व्रण नेहमी आतल्या कडेपासून सुरू होतो. मायोकार्डायटिस म्हणजे हृदयस्नायूच्या दाहात व्रण बहुधा बाहेरच्या कडेला असतो आणि स्नायूच्या काही इतर आजारांत तो मधल्या थरात असतो. हृदयाचे पंपिंग कमी झाले आहे, पण कशामुळे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या एका चित्रात मिळते.

व्रणाची खोली उपचार ठरवताना कामी येते. अमेरिकेत रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या गटाने २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बायपास किंवा अँजिओप्लास्टीपूर्वी ५० रुग्णांचा एमआरआय काढून, नंतर कोणता भाग पुन्हा हलू लागतो, हे त्यांनी पाहिले. नीट न हलणाऱ्या ज्या ३२९ भागांत व्रण अजिबात नव्हता, त्यांपैकी २५६ भाग म्हणजे ७८ टक्के सुधारले. ज्या ५८ भागांत व्रणाने तीन चतुर्थांशाहून अधिक जाडी व्यापली होती, त्यांपैकी फक्त एक सुधारला. न हलणारा स्नायू मेलेलाच असतो असे नाही. तो रक्ताअभावी निपचित पडलेला, पण जिवंत असू शकतो. इकोच्या चित्रात दोघे सारखेच दिसतात.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. स्नायू जिवंत आहे म्हणजे स्टेंट घातल्याने आयुष्य वाढेलच, असे समीकरण मांडता येत नाही. ब्रिटनमधील ७०० रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या आणि जिवंत स्नायू सिद्ध झालेल्या रुग्णांना चांगल्या औषधोपचारासोबत अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हृदय-निकामीपणामुळे दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. एमआरआय निर्णयाला आधार देतो, तो स्वतः निर्णय देत नाही.

मला कधी झटका आलाच नाही. तरी व्रण सापडू शकतो का?

होय, आणि असा व्रण वाटतो तितका दुर्मीळ नाही. आइसलँडमध्ये ६७ ते ९३ वर्षे वयाच्या ९३६ लोकांचा हृदयाचा एमआरआय काढण्यात आला, त्यात १७ टक्के लोकांना कधीच न कळलेल्या झटक्याचा व्रण सापडला. ईसीजीवरून असे न कळलेले झटके केवळ ५ टक्के लोकांमध्ये ओळखता आले होते. मधुमेह असलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. ‘पित्त झाले होते, दोन दिवसांत उतरले’ अशी एखादी आठवण अशा रुग्णांपैकी काहींना मागाहून येते.

थॅलियम स्कॅन, सीटी अँजिओग्राफी, साधी अँजिओग्राफी आणि एमआरआय यांत चांगली तपासणी कोणती?

प्रश्न कोणता आहे, त्यावर ते अवलंबून आहे. रोहिणीत चरबीचे थर जमले आहेत का, हे पाहायचे असेल आणि आजाराची शक्यता फार मोठी नसेल, तर सीटी अँजिओग्राफी योग्य ठरते; ती पूर्ण नॉर्मल आली की मोठा प्रश्न मिटतो. परंतु रोहिणीत कॅल्शियम पुष्कळ असेल, तर सीटीवर त्याची चमक पसरते आणि आतली जागा नीट मोजता येत नाही. तिथे, किंवा सीटीत ‘मध्यम अडथळा’ असा अर्धवट निष्कर्ष निघाल्यावर, त्या अडथळ्याचा स्नायूवर परिणाम होतो आहे का, हे विचारण्यासाठी स्ट्रेस एमआरआय उपयोगी पडतो.

थॅलियम स्कॅन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्पेक्ट तपासणीशी एमआरआयची थेट तुलना इंग्लंडमधील लीड्स येथे ७५२ रुग्णांवर झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. आजार पकडण्याची क्षमता एमआरआयची ८६.५ टक्के आणि स्पेक्टची ६६.५ टक्के निघाली. निरोगी माणसाला निरोगी ठरवण्याची क्षमता दोघांची सुमारे ८३ टक्के, म्हणजे सारखीच होती. स्पेक्टमध्ये किरणोत्सारी द्रव्य वापरावे लागते, एमआरआयमध्ये नाही. असे असले तरी थॅलियम स्कॅन निरुपयोगी ठरत नाही. जिथे स्ट्रेस एमआरआय वाचण्याचा सराव असलेला तज्ज्ञ नाही आणि न्यूक्लिअर विभाग उत्तम आहे, तिथे थॅलियम स्कॅनच करून घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे.

एमआरआय केल्यास कॅथलॅबमधली (रोहिणीपर्यंत नळी घालून केलेली) अँजिओग्राफी टळते का?

अनेकांची टळू शकते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छातीत दुखण्याचा त्रास असलेल्या ९१८ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटात उपचारांची दिशा स्ट्रेस एमआरआयवरून ठरली, दुसऱ्यात अँजिओग्राफी आणि रोहिणीतील दाबाच्या मोजणीवरून. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा त्याच रोहिणीवर उपचार करावे लागणे हे प्रमाण पहिल्या गटात ३.६ टक्के व दुसऱ्यात ३.७ टक्के राहिले. स्टेंट किंवा बायपास मात्र पहिल्या गटात ३५.७ टक्के आणि दुसऱ्यात ४५ टक्के रुग्णांना करावे लागले. परिणाम तितकाच सुरक्षित राहून अशा उपचारांची संख्या कमी झाली, ही बाब रुग्णाच्या दृष्टीने लहान नाही. डाव्या मुख्य रोहिणीत अडथळ्याचा संशय, औषधे घेऊनही वाढत जाणारे दुखणे किंवा एमआरआयमध्ये मोठ्या क्षेत्राला रक्त कमी पडत असल्याचे दिसणे, अशा स्थितीत अँजिओग्राफी करावीच लागते आणि ती लांबवू नये.

अँजिओग्राफी नॉर्मल आली, तरी छातीत दुखते. आता काय करायचे?

हा प्रश्न स्त्रिया अधिक विचारतात आणि त्यांना ‘मनाचे आहे’, ‘गॅस आहे’ असे सांगून परत पाठवले जाते, याचे वाईट वाटते. अँजिओग्राफीत केवळ मोठ्या रोहिण्या दिसतात. त्यांच्या पुढच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांमध्ये दोष असेल, तरीही स्नायूला ताणाच्या वेळी रक्त अपुरे पडते. स्ट्रेस एमआरआयमध्ये तेव्हा आतल्या थरात सगळीकडून काळपट कडे उमटू शकते. आता मिलिलिटरमध्ये रक्तप्रवाह मोजणाऱ्या पद्धतीही काही केंद्रांत वापरल्या जातात. तसेच ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) वाढले, झटका आल्यासारखे सगळे घडले, पण रोहिण्या मोकळ्या निघाल्या, अशा वेळी तो खरोखर झटका होता, मायोकार्डायटिस होता की ताकोत्सुबो (तीव्र ताणामुळे हृदयस्नायू तात्पुरता दुबळा होणे), हे ठरवण्यासाठी लवकरात लवकर एमआरआय करून घेणे योग्य ठरते.

छातीत अचानक जोराने दुखू लागले, तर एमआरआयला जावे का?

मुळीच नाही. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. चालू झटक्यात एक-एक मिनिट स्नायूच्या किमतीचे असते.

स्टेंट, बायपासच्या तारा किंवा पेसमेकर असताना एमआरआय चालतो का?

स्टेंटबद्दलची भीती बहुतांशी निराधार आहे. आजचे रोहिणीतील स्टेंट चुंबकाने ओढले जात नाहीत आणि ३ टेस्लापर्यंतच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची शक्ती मोजण्याचे एकक) मशीनमध्ये स्टेंट बसवल्यानंतर केव्हाही तपासणी करता येते. ‘सहा महिने थांबा’ हा सल्ला जुना झाला. बायपासनंतर छातीच्या हाडात घातलेल्या तारा आणि कृत्रिम झडपा यांचीही सहसा अडचण येत नाही, फक्त त्यांच्या आसपासचे चित्र थोडे बिघडते.

पेसमेकरचे तसे नाही. एमआरआयला चालणारे पेसमेकर २०११ पासून अमेरिकेत मान्य झाले आणि आता सर्वत्र बसवले जातात, पण पेटीसोबत हृदयात गेलेल्या वायरीही तशाच असाव्या लागतात आणि तपासणीपूर्वी पेसमेकरचे सेटिंग बदलून घ्यावे लागते. पेसमेकरचे कार्ड सोबत आणावे. मेंदूतील जुनी क्लिप, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट किंवा लेथवर अथवा वेल्डिंगचे काम करताना डोळ्यात गेलेला धातूचा कण, यांबद्दल कुणी विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

धातूबद्दल इतकी काळजी का घेतात?

१.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट शक्तिशाली असतो आणि तो दिवसरात्र, तपासणी चालू नसतानाही सुरूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूचे सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक सिलिंडरसह मशीनकडे ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता, मदतीला आलेला माणूस होता. म्हणून हा नियम रुग्णासोबत येणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, चमकी, केसांतले आकडे, कवळी आणि श्रवणयंत्र घरीच ठेवावे किंवा बाहेर काढून द्यावे. सोने स्वतः ओढले जात नाही, परंतु ते तापू शकते आणि चित्र बिघडवते. शिवाय त्याच्या फाशात लोखंड असू शकते. साडीच्या निऱ्यांत आणि ब्लाऊजला लावलेल्या सेफ्टी पिना सर्वाधिक वेळा राहून जातात. जरीच्या साडीतले धातूचे धागेही तापतात, म्हणून केंद्रातला गाऊन घालावा. हृदयरुग्णांनी छातीवरची नायट्रोग्लिसरीनची पट्टी आठवणीने दाखवावी, कारण काही पट्ट्यांच्या पाठीमागे धातूचा पातळ थर असतो आणि त्याखाली कातडी भाजू शकते.

किडनीचा त्रास असेल तर कॉन्ट्रास्ट देता येते का?

क्रिएटिनिन या रक्ततपासणीवरून काढलेली किडनीची गाळणक्षमता (अहवालातील eGFR) ३० पेक्षा कमी असेल, तर विशेष विचार करावा लागतो. जुन्या प्रकारच्या काही गॅडोलिनियम औषधांमुळे, किडनी निकामी झालेल्या रुग्णांची कातडी व सांधे घट्ट होण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. आज वापरात असलेल्या, गॅडोलिनियमला चारही बाजूंनी घट्ट धरून ठेवणाऱ्या औषधांमध्ये हा धोका अत्यल्प आहे. गरोदरपणात हे कॉन्ट्रास्ट शक्यतो टाळतात.

प्रत्यक्ष तपासणीत किती वेळ जातो आणि मला काय करावे लागते?

साधारण ४५ मिनिटे ते एक तास. छातीवर ईसीजीचे चिकटपट्टे, त्यावर हलके कॉइल (चित्रासाठीचे संकेत टिपणारे आवरण), दोन्ही हातांत सुया, कानांत बोळे आणि हातात घंटीचा रबरी फुगा असतो. मशीन मोठ्याने ठोकल्यासारखा आवाज करते. ‘श्वास घ्या, सोडा, थांबा’ अशी सूचना तीस-चाळीस वेळा येते आणि प्रत्येक वेळी १० ते १५ सेकंद श्वास रोखायचा असतो. श्वास सोडल्यावर रोखणे अवघड वाटते, परंतु हृदय दर वेळी त्याच जागी थांबते, म्हणून तसेच सांगतात. आदल्या दिवशी घरी पडून घड्याळ लावून आठ-दहा वेळा सराव केला, तर चित्रे लक्षणीय स्पष्ट येतात. ठोके अनियमित असतील, तर चित्रे धूसर होऊ शकतात, ते तंत्रज्ञांना आधीच सांगावे. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी डोळ्यांवर रुमाल ठेवूनच आत जावे. डोळे आत गेल्यावर मिटण्यापेक्षा ते सोपे जाते.

काहीच त्रास नाही. केवळ खात्रीसाठी करून घ्यावा का?

नको. लक्षणे नसलेल्या माणसाने रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासावे आणि तंबाखू सोडावी. त्यातून होणारा लाभ या तपासणीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

केंद्र निवडताना काय विचारावे?

एमआरआयचे मशीन आता तालुक्याच्या गावीही आढळते, परंतु प्रत्येक मशीनवर हृदयाचा एमआरआय होतोच असे नाही. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर, हृदयासाठीचे कॉइल, ईसीजीची जोडणी आणि ताण देताना हजर राहणारा डॉक्टर लागतो. ‘येथे अ‍ॅडिनोसिन देऊन स्ट्रेस तपासणी करता का, महिन्याला किती होतात, आणि अहवाल कोण वाचतो?’ हे फोनवर विचारण्यात संकोच करू नये. दर विचारताना कॉन्ट्रास्ट आणि ताणाचे औषध त्यात धरले आहे का, हेही विचारावे, कारण ते पुष्कळदा वेगळे आकारतात.

अहवाल हाती आल्यावर त्यात काय पाहावे?

ताण पुरेसा मिळाला होता का, रक्त कमी पडणारे भाग १७ पैकी किती आहेत, व्रण आतल्या कडेपासून किती टक्के जाडीपर्यंत पोचला आहे आणि पंपिंग किती आहे, हे अहवालात शोधावे. हे चारही मुद्दे लिहिलेले नसतील, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी केंद्राकडून लिहून घ्यावेत. कागदासोबत चित्रांची सीडीही मागून घ्यावी आणि ती अँजिओग्राफीच्या सीडीशेजारीच, एका पाकिटात ठेवावी. तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासणीची वेळ आली, तर व्रण जुनाच आहे की नवा, हे दोन्ही चित्रे शेजारी ठेवूनच सांगता येते.